तू 'बेंगो' म्हणालीस तेव्हा

प्रिय सुमन,

'प्रिय' लिहिलं आणि आधी मागं वळून पाहिलं, कोणी वाचून तर नाही राह्यलं! उभ्या जन्मात तुला कधी चिठ्ठी लिहिली नाही. तू समोरच असायचीस, लिहायचं कशाला? आज लिहितोय, कारण उद्या रविवार आहे. निखिलनं सकाळी विचारलं, "बाबा, उद्या इनेसला तुमच्याशी बोलायचंय. बसाल का, की दुकानात गिऱ्हाईक येईल?" बघ तुझं पोरगं, स्पेनमधून बापाला टोमणे मारतं! मारू दे. सुनेशी बोलायला बसतो म्हणालो.

तुझा मोबाइल मी बंद केलेला नाही. रोज दुपारी चहाच्या वेळेला टिंग करून वाजतो, आजचा स्पॅनिशचा धडा राहिलाय म्हणतो. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? पहिल्यांदा वाजला तेव्हा मी त्याच्यावरच ओरडलो, "ते गेली ना बे!" आणि मग तिथंच चुलीपाशी बसून रडलो.

ते क्रियापद तू पहिल्यांदा पाठ करायला घेतलंस, आठवतं का? ओसरीवर मेथी निवडत होतीस. "बेंगो, बिएनेस, बिएने." मी जेवता जेवता विचारलं, "काय बेचा पाढा लावला व?"

"पाढा नाई, अहो. येणं आहे ते. मी येते, तू येतो, ते येते. सुनेच्या भाषेत."

निखिलनं तुला बजावलं होतं, आई, हे क्रियापद वाकडं आहे, याची रूपं सरळ चालत नाहीत, आधी 'खाणे' शिक, ते सोपं आहे. तू ऐकशील तर ना! "मले पोरीले 'ये' म्हणायचं आहे, 'खा' मंग म्हणीन." आणि बसलीस की घोकत. भूतकाळात 'बिने, बिनिस्ते, बिनो'. पोरगा आला काय, पोरगी आली काय, दोघांना एकच 'बिनो', याचं तुला भारी कौतुक. भविष्यकाळात 'बेंद्रे, बेंद्रास, बेंद्रा'. मी म्हणालो, "बेंद्रे? पोस्टातले? त्यायची बदली होऊन जमाना झाला!" तू इतकी हसलीस की मांडीवरचं सूप मेथीसकट कलंडलं.

तेवढंच हसवलं तुला. बाकी काय केलं मी?

माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको आले होते त्या दिवशी तू हौसेनं तिन्ही काळ म्हणून दाखवलेस. शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "म्हातारपणी हिले चळ लागला." सगळे हसले. तूही हसलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझं पाठांतर गच्चीवर गेलं, पापड वाळवायच्या नावाखाली. मला खाली ऐकू यायचं सगळं. खाली ये, इथंच म्हण, एवढं म्हटलं असतं तर माझं काय झिजलं असतं?

खरं सांगू? इनेसवर माझा राग नव्हताच. लग्न तिकडंच लावलं, भावकीला पत्रिका नाही, पंगत नाही, म्हणून मी चार लोकांत म्हणून बसलो, "ते आमची कोणी नाई." राग कधीच निवला. पण एकदा फिरवलेलं तोंड परत वळवायचं कसं, हे मला येत नाही सुमन. कोणी शिकवलंच नाही. म्हणून रविवारी फोन वाजला की मी भांड्यांच्या दुकानात पळायचो. दुकान कसलं, दाराआड उभा राहायचो. दोघी काय बोलता ते ऐकायचो.

फोन ठेवताना तू म्हणायचीस, "बेंगो." निखिल म्हणायचा, "आई, तिकडं निघताना येते म्हणत नाहीत. जाते म्हणतात."

"म्हनू दे त्यायले! आपल्यात 'जाते' म्हनत नाईत बाप्पा."

पुढं पुढं तीही फोन ठेवताना 'बेंगो' म्हणायला लागली. तू निघालीस तिची भाषा शिकायला आणि तिलाच आपली सवय लावलीस! ती 'बेंगो' म्हणाली की तू म्हणायचीस, "बेन, बेन." ये, ये. येते म्हटल्यावर ये म्हणायचं असतं. एवढी साधी गोष्ट. लहान लेकराला कळते.

मला कळली नाही. तुझ्या छातीत कळ आली, खामगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. पुतण्या तुझ्याजवळ बसला. मी दुकानाला कुलूप लावून मागून येणार होतो. कुलूप! चोर काय पातेली नेणार होते का त्या तासाभरात? काचेतून तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "बेंगो." आणि मी काय म्हणालो? "आता तरी सोड न ते. गप पड." माझ्याकडून तुझ्या कानावर पडलेलं शेवटचं वाक्य ते. खामगाव यायच्या आधीच तू गेलीस.

निखिल पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. एकटाच आला. मी त्याच्यावरच चढलो, "सासू गेली तरी सून येत नाई?"

तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आईनंच तिला सांगून ठेवलं होतं. आमच्यात सून पहिल्यांदा घरी येते ती सासऱ्यानं स्वतः बोलावल्यावर. तो तुझा मान आहे, वाट पाहा. ती बॅग भरून बसली होती. तुमचा फोन आला नाही."

अगं, असली रीत कुठं आहे? आपल्या सात पिढ्यांत कोणी ऐकली? नवरा बोलत नाही हे झाकायला तू रीतच तयार करून दिलीस! आणि त्या पोरीनं ती पाळली. मला वाटायचं भाषा शिकायला तुला फार त्रास होतो. तुला त्रास माझाच होता. एवढा वाकडा मी एकटाच होतो त्या घरात.

दसव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, एक खाली उतरेना. भाऊ हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुमची गुरुवारची शेगावची फेरी आम्ही चुकू देणार नाई." कावळे जागचे हलेनात. निखिल म्हणाला, "आई, मी बाबांना अंतर देणार नाही." तरी नाही. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मला माहीत होतं ना तुला काय हवंय! एकच वाक्य होतं. इनेसले मी बोलावतो. पण समोर तीच भावकी उभी, ज्यांना मी सांगितलं होतं की ते आमची कोणी नाही. निखिल माझ्या तोंडाकडं पाहत होता. माझी जीभ उचलली नाही. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. परतताना कोणी म्हणालं, सुमनबाईचा जीव घरात अडकला असेल. मी मान डोलावली. मेल्या माणसाशीही खोटं वागलो मी. तुला उपाशी पाठवलं ना गं?

त्यानंतर निखिल परत गेला, आणि एका दुपारी मोबाइल वाजला तेव्हा मी धडा उघडला. चुकलं की तो लाल होतो, अगदी तुझ्यासारखा. बेंगो, बिएनेस जमतंय आता. पुढच्या काळाला पोस्टातले बेंद्रे मदतीला येतात. मागच्या काळात अडकतो. 'बिनो' म्हटलं की पुढचं सुचत नाही. निखिल बिनो. इनेस नाही. का नाही, ते मला माहीत आहे. गच्चीवर जात नाही बरं का, ओसरीवर बसून म्हणतो, मोठ्यानं. परवा भाऊ आला होता, म्हणाला, "हे काय दादा?" मी म्हणालो, "चळ लागला."

तर ऐक. उद्या फोन येईल तेव्हा दुकान बंद असेल. इनेसला आधी सांगीन की ती रीत खोटी होती, तू माझी लाज राखायला रचलेली. निखिल समजावून सांगेल तिला. मग पुढचं मी सांगीन, मधे कोणी नको. बेन आ कासा. घरी ये. शेगावच्या स्टेशनावर तू जाणार होतीस ना, डब्यात भाकरतुकडा घेऊन? फलाटावरच ओवाळून टाकते म्हणायचीस, एवढ्या लांबून येणाऱ्या पोरीला वाटेत किती नजरा लागल्या असतील! आता मी ओवाळून टाकीन. बायकांचं काम आहे म्हणून हसतील, हसू दे. भावाला मुद्दाम सोबत नेईन. भावकीला त्याच्याच तोंडून कळू दे.

आणि फोन ठेवताना ती 'बेंगो' म्हणेल. म्हणेलच, तुझी सवय आहे. मी उठून जाणार नाही सुमन. दोनदा 'बेन' म्हणीन. एकदा तिला, आणि एकदा त्या गाडीच्या काचेतून माझ्याकडं पाहणारीला.

ये. ये.

तुझा,
अहो