हॅम टांगायची सळई

मी, ओदिल व्हालाद, वय सदुसष्ट, अविवाहित, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार ल माझो वस्ती, मिलव्हाश पठार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि माझी बुद्धी शाबूत आहे. असं वाक्य अशा कागदात असतंच, पण माझ्या बाबतीत ते जरा थांबून वाचावं. माझा भाचा बास्तियाँ याने गेल्या बाजाराच्या दिवशी चीजवाल्याच्या गाडीपाशी चारचौघांत सांगितलं की आत्याचं डोकं फिरलं आहे. म्हणून मी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मठाच्या शाळेत सिस्टर मारी-आंज आम्हाला हेच थंडीत, हातमोज्यांशिवाय करायला लावायची. मी न चुकता शेवटपर्यंत गेले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

नोटरी देस्कूर साहेब म्हणतात, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील. मला लागतात. माझ्यानंतर कोणी म्हणू नये की बाई एकटी बसून काहीबाही लिहीत होती.

पहिलं, माझ्या देहाविषयी. मला आईवडिलांच्या आणि माझा भाऊ फेर्नां याच्या शेजारी पुरावं. संगमरवर नको, इथलाच ग्रॅनाइट पुरे. मला दगडांखालून काढावं लागलं, तर घाई करू नये. आधी उरलेल्या भिंतीला टेकू द्यावेत, मग दगड उचलावेत. मेलेल्या बाईपायी जिवंत माणसाने जीव धोक्यात घालू नये. हे कलम गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

दुसरं, घर. माझं राहतं घर, त्याला लागून असलेला गोठा, मागची चेस्टनटची झाडं आणि झऱ्याच्या पाण्यावरचा हक्क मी बास्तियाँ आणि त्याची बायको ओरेली यांना मिळून देते. त्याला एक अट आहे, आणि ती समजावी म्हणून थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे.

घर तीन खोल्यांचं आहे. मध्ये स्वयंपाकघर, पूर्वेला माझी लहान खोली, पश्चिमेला मोठी थंड खोली. त्या थंड खोलीत, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी सळई होती. आम्ही तिला हॅमची सळई म्हणायचो. डुक्कर मारलं की खारवलेल्या तंगड्या तिला टांगायच्या, सॉसेजच्या माळा सोडायच्या. पावसाळी दिवसांत आई तिच्यावर चादरी वाळत घालायची. सुट्टीत मी घरी आले की फेर्नां तिला लोंबकळून माकडासारखा झुलायचा आणि मला चिडवायचा, "सिस्टर ओदिल, माझ्यासाठी प्रार्थना करा, मी पडतोय." घराच्या बाहेरून पश्चिमेच्या भिंतीवर, एस अक्षराच्या आकाराचा, लोखंडाचा एक मोठा एस दिसायचा. ती घराची शोभा, असं आम्हाला वाटायचं. मी लहानपणी त्याला साप समजायचे.

ती सळई माझ्या आजोबांनी, लेओनार व्हालाद यांनी घातली. ते गवंडी होते. त्या काळी आमच्याकडचे सगळे गवंडी थंडी सरली की पॅरिसला बांधकामावर जायचे आणि पुढच्या थंडीत परत यायचे. स्वतःच्या घराचं काम त्यांना फक्त गोठलेल्या दिवसांत करता येई, तेही अर्धवट. एका मार्चमध्ये ते गेले आणि पॅरिसच्या एका परांचीवरून खाली पडले. सळई कशासाठी आहे, हे ते कोणाला सांगून गेले नव्हते. आजीला उघड्या छताखाली एक मजबूत सळई दिसली, तिने हॅम टांगला. तिचं पाहून पुढच्यांनी टांगला.

बास्तियाँ आणि ओरेली गेल्या शरद ऋतूपासून घर दुरुस्त करत आहेत. मीच बोलावलं त्यांना. ओरेलीला मे महिन्यात बाळ होणार आहे आणि लिमोजमधल्या भाड्याच्या घराची मुदत या महिन्यात संपते. बास्तियाँ मनापासून काम करतो, हे मी इथे लिहून ठेवते. छताला त्याने जुने वासे जपून पुन्हा वापरले, फरशी घासून मेणाने अशी चमकवली की मी मोज्यांवर चालते. पश्चिमेची खोली बाळासाठी आणि त्यांच्यासाठी. तिथे सळई त्याच्या कपाळाला लागायची. त्याने मला विचारलं, शेजारच्या युगेतला विचारलं, वस्तीतल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं की ती हॅमची आहे. आता डुक्कर कोण मारतं?

जानेवारीत, कडक गारठ्यात, त्याने ग्राइंडरने ती कापली. मी स्वयंपाकघरात बटाटे भरून भाजायच्या पेस्ट्रीचं पीठ मळत होते. कापलं जाताच असा आवाज झाला जसा मठाच्या घंटेवर कोणी हातोडा घातला असावा. मी धावत गेले. सळईची दोन टोकं एकमेकांपासून बोटभर दूर सरकली होती. बास्तियाँ हसत होता, दारात उभी ओरेलीही. म्हणाला, "थंडीनं आखडली होती बिचारी." आम्ही तिघंही हसलो. मी परत पीठ मळायला गेले.

त्यानंतर खोलीचं दार लागेनासं झालं. बास्तियाँने रंधा मारला. आठवड्याने ते पुन्हा अडकलं, त्याने पुन्हा रंधा मारला. आता ते चौकटीत बसतच नाही. त्या गारठ्यात मी त्या खोलीकडे फिरकत नसे, म्हणून ही गोष्ट ओरेलीनेच मला हळूच फोनवर सांगितली, नवऱ्याची चहाडी केल्यासारखी.

मग एका रविवारी मार्सेलाँ कूदेर जेवायला आला. तोही गवंडी, आता निवृत्त. दर वर्षी आमच्या सळईवर एक हॅम त्याचाही असायचा. त्याने थंड खोलीत डोकावून वर पाहिलं आणि विचारलं, "सळई कुठे गेली?" मी सांगितलं. तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. जेवण थंड होईल म्हणून मी बोलवायला गेले, तर तो त्या एसकडे पाहत उभा होता. सळईचं बाहेरचं टोक धरणारा तो एस भिंतीपासून सुटून तिरका लोंबत होता.

"ओदिल," तो म्हणाला, "ती हॅमची नव्हती गं. तिनं दोन्ही भिंती धरून ठेवल्या होत्या. आणि मी गाढव, आयुष्यभर तिला हॅम टांगून इथं सूप प्यायलो."

मी माळ्यावरून आजोबांचा ओळंबा काढला आणि आम्ही दोघांनी तो वरच्या खिडकीतून पश्चिमेच्या भिंतीबाहेर सोडला. दोरी सरळ खाली यायला हवी. ती मध्यावर भिंतीला टेकली आणि वाकली. भिंतीला पोट आलं आहे. आतले दगड मातीत बसवलेले आहेत, ती माती पाणी प्यायलेली आहे, आणि ते पाणी आज गोठलेलं आहे म्हणून भिंत उभी आहे. मार्सेलाँने बाहेरून लाकडी टेकू दिले, पण तोच म्हणतो की जमीन विरघळली की टेकूचे पाय चिखलात जातील. नवी सळई लोहाराकडे सांगितली आहे. मात्र गोठलेली भिंत ओढून घेतली तर ती फुटते. बर्फ उतरून भिंत सावकाश वाळायला हवी. चुन्याचं काम तर मे महिन्यातले बर्फाच्या संतांचे, म्हणजे शेवटच्या गारठ्याचे, दिवस गेल्याशिवाय इथे कोणी करत नाही. म्हणजे वसंत येईपर्यंत करण्यासारखं एकच उरतं. त्या खोलीत कोणी झोपू नये.

मार्सेलाँने त्या खोलीच्या कोपऱ्यात पडलेल्या भेगेवर प्लास्टरची एक पट्टी आडवी लावून तिच्यावर तारीख घातली. भिंत हलली की पट्टी तुटणार.

हे सगळं मी बास्तियाँला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, शंभर वर्षं उभं आहे घर. एका सळईनं पडतं होय?" मी ओळंबा दाखवला. तो म्हणाला, जुन्या भिंती अशाच असतात, वाकड्या. मग म्हणाला, "मार्सेलाँकाकांना रोज येऊन भिंत बघायची नसते, तुला बघायचं असतं. आणि तुला खोली सोडवत नाही, एवढंच खरं बोल ना." त्याचा चेहरा हुबेहूब फेर्नांसारखा दिसत होता, हट्टी आणि घाबरलेला. सळई त्याने कापली आहे. मी म्हणते ते खरं मानलं, तर त्याला आपल्या बाळाचा पाळणा कुठे ठेवायला निघालो होतो हेही मानावं लागेल. म्हणून तो मानत नाही. मला त्याचा राग येत नाही.

घर माझं आहे, तेव्हा नाही म्हणून पाहिलं. तो म्हणाला, मग बाळाला हे घर कधी दिसणार नाही. खोलीला कुलूप लावावं तर दारच लागत नाही. खोली रिकामी ठेवली, तर येत्या शनिवारी ते सामान घेऊन राहायला येतील तेव्हा पाळणा तिथेच जाईल, कारण ऊन तिथे येतं. म्हणून मी माझी पूर्वेची खोली झाडून, अंथरूण घालून त्यांना दिली आणि माझा पलंग पश्चिमेच्या खोलीत नेऊन मांडला. बास्तियाँ सगळ्यांना सांगत फिरतो की आत्याने चांगली खोली बळकावली. फिरू दे. पलंगासकट मला उचलून बाहेर ठेवायला तो धजावणार नाही, तेवढे संस्कार फेर्नांने त्याच्यावर केले आहेत.

तेव्हा दुसऱ्या कलमाची अट अशी. नवी सळई दोन्ही भिंतींतून आरपार बसून तिचे एस बाहेरून घट्ट आवळले जाईपर्यंत पश्चिमेच्या खोलीत कोणीही झोपू नये, दुपारी घटकाभर सुद्धा. सळई परत त्याच उंचीवर बसवावी. बास्तियाँला कपाळावर लागेल. लागू दे.

तिसरं, तांब्याचं जॅमचं पातेलं. हे मी शेजारीण युगेत झाबुई हिला देते. ते फेर्नांच्या लग्नापासून तिच्याकडेच आहे. मी तिच्या घरी गेले की ती त्याच्यावर टॉवेल टाकते. आता टाकायची गरज नाही.

चौथं, आजोबांची हत्यारं, म्हणजे ओळंबा, दोन करण्या आणि दगड घडायचा हातोडा, मार्सेलाँ कूदेर याला. सोबत मोठ्या कपाटातली बरणीत ठेवलेली जुनी नाचाची रिबन. तिचं काय करायचं ते त्याला समजेल. तो विसरला असेल तर फेकून द्यावी.

पाचवं, माझ्या लग्नासाठी म्हणून मठात शिवलेल्या चादरी, कोपऱ्यात ओ आणि व्ही ही अक्षरं भरलेल्या. त्या कधी वापरल्या नाहीत. त्यांचे पाळण्याच्या मापाचे तुकडे करावेत. कापताना ओरेलीने वाईट वाटून घेऊ नये. सिस्टर मारी-आंज म्हणायची, टाका असा घाला की फाटला तरी सरळ फाटेल. तो तसाच घातला आहे. अक्षरं उसवायची की ठेवायची, हे बाळाच्या नावावर अवलंबून राहील. मी सुचवत नाही. फक्त एवढंच की मुलगी झाली तर ओने सुरू होणारी नावं वाईट नसतात.

सहावं, माझा चुलतभाऊ रोलां याला काही नाही. वडिलांच्या अंत्यविधीच्या दिवशी आम्ही चर्चमध्ये असताना त्याने अंगणातली दगडी कुंडी गाडीत चढवायचा प्रयत्न केला होता. गाडीची स्प्रिंग तुटली. कुंडी जिथे आहे तिथेच राहील.

सातवं, पोस्टातली बचत. ती सगळी भिंतीसाठी. उरलं तर दारासाठी. दार नवं करू नये, रंधा मारलेलं तेच परत बसवून त्याच्या कडेला फळी जोडावी. बास्तियाँने ते रोज उघडताना पाहावं, इतकीच इच्छा. शिक्षा म्हणून नाही. आजोबा सांगायचे राहून गेले, म्हणून त्याने तरी आपल्या मुलाला दाखवावं, की ही फळी का आहे आणि ही सळई कशाची आहे.

आठवं आणि शेवटचं. पट्टी अखंड राहिली, वसंत निभावला आणि मी स्वतःच्या पायांनी या खोलीतून बाहेर आले, तर बास्तियाँला मला हसायचा पूर्ण अधिकार आहे. मी त्याच्यासोबत हसेन आणि आमच्याकडच्या रीतीने वाडग्यात उरलेल्या सूपात वाईन ओतून पिईन. पण ओरेलीला माझं सांगणं आहे की हा कागद तेव्हाही फाडू नये.

गेले तीन दिवस छपराच्या कडेचे बर्फाचे सुळे गळत आहेत. काल पहिल्यांदा कोपऱ्यात आतून पाणी वाहिल्याचा आवाज आला. मला तो लहानपणीच्या झऱ्यासारखा वाटला आणि मी काही वेळ ऐकत पडून राहिले.

वरील सगळं मी स्वतः लिहिलं, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यादेखत सही केली.

ओदिल व्हालाद
ल माझो, गुरुवार, १३ मार्च २०२५, दुपारी

साक्षीदार पहिली: युगेत झाबुई, शेजारीण. मी ऐकलं आणि सही करते. तांब्याचं पातेलं आत्ताच घरी जाऊन घेऊन आले, घासून ओट्यावर ठेवलं आहे. तेव्हा तिसरं कलम रद्द समजावं. ओदिल, जॅम तू करायचास.

साक्षीदार दुसरा: मार्सेलाँ कूदेर, गवंडी. रिबन मी विसरलेलो नाही. सही करण्यापूर्वी कोपऱ्यात जाऊन आलो. सकाळी पट्टी अखंड होती, आता मधोमध तुटली आहे. ओदिलला दाखवली. तिला माझ्याकडे चल म्हणालो. ती म्हणते, बास्तियाँ स्वतःच्या डोळ्यांनी ही पट्टी बघेपर्यंत मी पलंग सोडणार नाही, मी उठले की तू दाराला दोन खिळे मारशील आणि तो शनिवारी ते उपटेल. त्याला फोन केला. तो निघतो म्हणाला. लिमोजहून त्याला वेळ लागेल. युगेतला पूर्वेच्या खोलीत बसवलं आहे. मी खुर्ची घेऊन ओदिलच्या पलंगाशेजारी बसतो आहे. वारा दक्षिणेचा आहे आणि पाऊस सुरू झाला आहे.