टिंब काढल्यावर

सोमवार
ही नोकरी मला खरी कितीला पडली? उभी जवानी दुसऱ्यांच्या केबली ओढण्यात, दोन चष्मे आणि एक मोडकं मनगट. पण आज भंगार दाबायच्या कारखान्याचा सर्व्हर माझ्या हाती आला! वर माझी खोली, खाली याच सर्व्हरवर चालणारी प्रेस. अख्खी मोटार दाबून पेटीएवढी करते. मेव्हण्यालाही इथेच चिकटवला, प्रेसच्या सफाईवर. बायको म्हणाली, तुमचे कान भिंतीपलीकडचं ऐकतात, घरातलं तेवढं नाही; निदान माझ्या भावाकडे लक्ष ठेवा.

मंगळवार
रूट म्हणजे सर्वाधिकारी खातं. आपण टाइप केलेली आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायची, याची एक ओळ असते. फोल्डरांच्या मधे कोलन. इथे ओळीच्या सुरुवातीलाच टिंब! म्हणजे आपण उभे असू त्याच फोल्डरात आधी शोध. कुणीही तिथे ओळखीच्या नावाची फाइल ठेवावी आणि ती रूटच्या जोरावर चालावी. फोरमन म्हणाला, टायपिंग वाचवायला आधीच्या साहेबांनी ठेवलं. ते गेले या प्रेसखालीच. चहा ढवळत सांगितलं. मी म्हटलं, टिंब काढू सवडीने.

बुधवार
प्रेसच्या फोल्डरात शिरून एलएस मारलं. फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा. खाली धडाम. मग किंकाळी. फिटरचा हात कोपरापासून गेला, रक्त छतापर्यंत. त्या फोल्डरात एलएस नावाचीच फाइल निघाली: आधी प्रेस पाडते, मग निमूट यादी दाखवते. फाइलचा मालक, मेलेले साहेब. तारीख आजची.

गुरुवार
फाइल पुसली. टिंब काढलं. फोरमनला छाती ठोकून सांगितलं, आता कुणाच्या बापाला शिरता येणार नाही. मेव्हण्याला म्हटलं, खुशाल उतर आत. तो हसून म्हणाला, दाजी, विश्वास तुमच्यावर आहे, मशीनवर नाही.

शुक्रवार
कीबोर्ड वाजला. खोलीत मी एकटा, तोही दाराशी —
फाइल परत आली की काय? पाहायलाच हवं. त्याच फोल्डरात गेलो. एलएस मारलं —

धडाम.

किंकाळी नाही. हाडं ऐकू आली. एकेक. हे कान —
यादीत एलएस आहे. मालक तोच.
खाली फोरमन ओरडतोय, पाय तेवढे बाहेर —
बायकोला काय —
कीबोर्ड पुन्हा वाजतोय. माझे दोन्ही हात वहीवर —
ओळ तपासली. टिंब नाही, मीच काढलं. पण त्याच्या पुढचं कोलन तसंच राहिलंय. आणि कोलनच्या आधी काहीच नसलं, तरी मशीन आपण उभे असू तिथेच आधी —