आग्या मोहोळाखालची वाट

अण्णा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि आज लिहायला बसले ती धाकटीची तक्रार घेऊनच.

रविवारी दुपारी बीडला माझ्या घरी आम्ही चार मैत्रिणी एक खेळ खेळतो. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की जमलं. मी शाळेत शिकवते, म्हणून गोष्ट माझ्याकडे. गेल्या रविवारी धाकटी चौसाळ्याहून आलेली, तिलाही बसवलं. खिंडीत राक्षस झोपलेला आणि भांडी लादलेली सहा खेचरं त्याच्या उशाजवळून न्यायची. मैत्रिणी म्हणाल्या, खेचरं सोडून देऊ.

"सोडायची कावून?" धाकटी म्हणाली. "आधी गळ्यातल्या घंट्या काढा. भांड्यांच्या मधी गवत कोंबा. म्हातारं जनावर म्होरं घ्या, बाकीची त्याच्या मागं येतात. दोरी वडायची न्हाई, मानंवर हात ठिवून चालायचं."

सगळ्या तिच्याकडे बघतच राहिल्या. मी मात्र आतून जळत होते, कारण ते सगळं तुमचं होतं. पालीच्या वाटेवरचा पूल, त्याच्या कमानीत लटकलेलं आग्या मोहोळ आणि त्या मोहोळाखालून न्यायची भट्टीच्या विटा लादलेली आपली गाढवं. मी दहा वर्षांची, ती आठची. पुलाच्या अलीकडे मी पुढच्या गाढवाचा कान धरला, ते उधळलं, विटा फुटल्या. तुम्ही ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, "तू वरून जा. तुज्या हाताला लई घाई हाय." मी कठड्यावरून वाकून बघते आहे. तुम्ही पुढं, ती मागं, एकही माशी उठत नाही. पलीकडे पोचल्यावर तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवता. त्याच आठवड्यात मला तुम्ही कंपासपेटी आणलीत. त्या पेटीवर मी शिकले, नोकरीला लागले, पण मला तो हात हवा होता, अण्णा. अजून हवा आहे.

तर पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी तिच्यासाठी फासा टाकला. अठरा पडले. मी म्हटलं, "तीन. खेचर ओरडलं, राक्षस उठला."

"न्हाई आक्का, हात ठिवल्यावर वरडत न्हाई ते," ती हळूच म्हणाली. मग हसली. "पर खेळ तुजा हाय."

गोष्टीत बाकीच्या पळाल्या. ती म्हणाली, "मी जनावरांपाशी थांबते," आणि पहिल्याच डावात मेली. मग उठून तिनं सगळ्यांचे कप विसळले. बसला निघताना विचारलं, "फुडच्या रविवारी येऊ का?" मी म्हटलं, बघू.

हे पत्र शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवते. खरं तर तिलाच फोन करायला हवा. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, तुम्ही उलटून काही विचारणार नाही.