अफदलचं रेंडांग

२० फेब्रुवारी
पुन्हा पाकिटं गळाली. रेंडांगच्या खोक्यात तेलाचं तळं; मांस नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलं की तेल सुटतंच. देस्मा उनी, म्हणजे बायकोची थोरली बहीण आणि आमची मालकीण, म्हणते, पाकिटाच्या तोंडाला मसाल्याचं तेल लागतं, ते पुसून मग सील करा. हिला मशीनमधलं काय कळतं! दोष पाकिटाच्या प्लॅस्टिकचा आहे. उद्यापासून तापमान वाढवणार.

२१ फेब्रुवारी
वाढवलं. पाकिटांची तोंडं करपली. व्होल्टेज! दुसरं काय? उनी म्हणाली, "जावईबापू, तुम्ही एकदा स्वतःची चूक कबूल करा, मी बकरा कापीन." पॅकिंगच्या बायका खी-खी हसल्या. आमच्यात नवरे बायकोच्याच घरी नांदतात, त्यामुळे कान बंद ठेवायची सवय आहे.

८ मार्च
बायकोने, यार्निसने, आमच्या अफदलसाठी रेंडांग केलं. पोरगा दूर बाताम बेटावर कारखान्यात आहे. तीन ईदा घरी आला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणतो, म्हणजे हुद्दा मोठा असणार. आमची पोरं परमुलखात जातात ती नाव काढूनच परततात. मला काळजी नाही. यार्निसला आहे. दिवसभर कढईपाशी उभी. रोज्यामुळे चाखता येईना, वासावर मीठ घातलं. आमच्यात बायको नवऱ्याला उदा म्हणते, तशी म्हणाली, "उदा, एवढं एक पाकीट तरी नीट करा हो."

९ मार्च
जातीने सील केलं. तोंड पुसायला फडकं सापडलं नाही. मुरलेल्या हाताला फडकं कशाला? दोनदा दाबलं. विमानातून टाकलं तरी फुटायचं नाही. कुरिअरला दिलं. यार्निसने अफदलला फोनवर कळवलं.

१९ मार्च
अफदलचा फोन! आईला अमाक म्हणतो, मला अपा. "कालच संपलं, अमाक. अगदी तुझ्या हातची चव. आणि अपाला सांग, पाकीट कात्रीनेच कापावं लागलं." यार्निस हसली, मग रडली, मग चवीचं पुन्हा विचारलं. मी उनीला कात्रीचं दोनदा ऐकवलं. संकल्प: ईदनंतर सगळ्या बायकांना सील शिकवणार.

२ एप्रिल
ईद झाली. अफदल आला नाही. ओव्हरटाईम असेल. यार्निसने त्याची चटई घातली होती, ती उचलली.
शिकवणी पुढच्या आठवड्यापासून. सध्या हवा दमट आहे.

७ एप्रिल
कुरिअरवाला आमच्या कामाच्या जागी आला. खोकं परत. बुडाशी तेलाने काळं झालेलं. वर लिहिलंय: या पत्त्यावर कोणी नाही, खोली सहा महिन्यांपूर्वी सोडली.
आत पाकीट तसंच. कात्री लागलेलीच नाही. सील एका कोपऱ्यात सुटलंय, जिथे तेल होतं तिथेच.
म्हणजे पोराने एक घासही खाल्लेला नाही. नोकरी गेली असणार. कुठे राहतो, काय खातो, मला माहीत नाही. रिकाम्या हाताने घरी यायची लाज वाटत असेल. फार वाईट वाटतंय.

पाकीट तिथेच मागे शेवग्याखाली पुरलं. हाताचा वास जाईना. घरी यार्निसने विचारलं, हा कसला वास? उनीही तिथेच बसलेली. म्हटलं, "आजची पाकिटं गळाली. तोंड पुसलं नव्हतं. चूक माझी."
उनी बघतच राहिली. बकऱ्याचं काढलं नाही.
यार्निस म्हणाली, "जाऊ दे, उदा. आपल्या अफदलचं तेवढं टिकलं ना."
हो म्हटलं.