उलटा दरबार

साकोली
दि. ४ ऑगस्ट २०१४

ती. आबाजी आणि ती. आजी यांस,
प्रतिक्षाचा सा. जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, बातमी वाईट आहे. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून सगळं लिहूनच कळवते. आपली सावरी नापास झाली.

आजीला आधी पुन्हा एकदा समजावून सांगा, नाहीतर ती मागच्यासारखी कोंढा गावभर सांगत फिरेल की पोरीनं साकोलीत खोलीवर जनावर पाळलं. सावरी संगणकावरच्या खेळातली आहे. धड सापाचं, पंख बगळ्याचे. दोन वर्षांपूर्वी मी तिला अंड्यातून काढलं, तेव्हापासून अपेक्षाच्या लॅपटॉपवर रोज संध्याकाळी तिचं दाणापाणी करते. अपेक्षा म्हणजे माझी खोलीसोबती. महिन्यातून एकदा खेळात दरबार भरतो. आपल्या प्राण्याची कला तिथे शब्दांत लिहून दाखवायची. तीन परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. तीसपैकी वीस पडले की पास. तीनदा नापास झाला तर प्राणी जंगलात सोडून देतात, तो परत मिळत नाही. पहिल्या दोन वेळा मी माझ्या अकलेने लिहिलं आणि पडले. म्हणून या वेळी तुमच्याकडून ओळी मागवल्या होत्या.

एका परीक्षकाने आठ दिले, दुसऱ्याने नऊ. तिसरा काळवीट नावाचा. तिथे खरं नाव कोणी लावत नाही. त्याने दोन दिले आणि शेरा मारला की, अर्धा वेळ भुईला डोकं टेकण्यात घालवला. दरबारात कला दाखवायची असते, नमस्कार नाही. एकोणीस झाले, आबाजी. एका गुणाने गेली. जंगलात नेणाऱ्यांनी त्याआधी चाळीस दिवसांची मुदत दिली आहे.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. धानाचे रोवणे आटोपले का? आजीचा गुडघा कसा आहे? माया आहे तशी असू द्या.

तुमची,
प्रतिक्षा


कोंढा
दि. ८ ऑगस्ट २०१४

चि. प्रतिक्षा हिस,
आबाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. रोवणे आटोपले, गुडघा तसाच आहे, आणि मी मनाला लावून घेतलं आहे.

त्या चार ओळी मी बोडीच्या पाळीवर, पाण्याकडे तोंड करून बसून लिहिल्या होत्या. तुला पाठ असतील, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिताना अजून बरं वाटतं:

भुईला आधी टेकवीन माथा,
मग वाऱ्याला सांगेन गाथा;
तळ्यात माझी पडता सावली
मासे म्हणती, चांदणी आली.

यात नमस्कार किती आणि कला किती, हे मोजायला तो काळवीट कोण लागून गेला?

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या आजीलाही अर्धीच माहीत आहे. १९६१ साली मी पवनीच्या शाळेत सातवीत होतो. संमेलनात कवितापाठाची स्पर्धा होती. माझे वडील दंडारीत नाचायचे. त्यांनी मला शिकवलं होतं की उभं राहायच्या आधी भुईला हात लावून कपाळी न्यायचा, मग तोंड उघडायचं, कारण ती भुई आपला भार सोसते. मी तसंच केलं. पुस्तकातल्या साऱ्या कविता मला चालीसकट पाठ होत्या. त्या पुस्तकाच्या कागदाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पण मी वाकलो आणि परीक्षक गुरुजींनी खुर्चीतूनच विचारलं की, तू कविता म्हणायले आला का पाया पडायले. सारं सभागृह हसलं. दुसरं कडवं माझ्या डोक्यातून जे गेलं, ते घरी पोचल्यावर आठवलं. त्यानंतर मी चिखल्याच्या खाणीत तेहतीस वर्षं हजेरी लिहिली, पण चारचौघांत कविता म्हटली नाही.

गुरुजी केव्हाच गेले. मला वाटलं होतं हिशेब त्यांच्याबरोबर गेला. तसं नाही. तो काळवीट होऊन संगणकात बसला आहे. त्याचं धोतर, काळी टोपी, तपकिरीची डबी, मला सगळं दिसून राहिलं आहे.

याला सोडायचं नाही. सावरी वाचवायची आणि याची खुर्ची ओढायची. त्या खेळात काही कायदा असेलच. शोध.

अभ्यास सांभाळून शोध. जेवत जा.

तुझा,
आबाजी


साकोली
दि. १३ ऑगस्ट २०१४

ती. आबाजी यांस,
प्रतिक्षाचा सा. जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अपेक्षालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या आबाजीले खाणीत कोणी टरकत होतं का. मी म्हटलं, ते हजेरी मांडायचे, सारेच टरकायचे.

कायदा सापडला. नियमांच्या यादीत पार खाली होता. त्याला उलटा दरबार म्हणतात. एखाद्या परीक्षकाचे गुण बाकी दोघांपेक्षा पाचाहून जास्त खाली असतील तर खेळाडू त्याला आव्हान देऊ शकतो. मग परीक्षकाने स्वतःचा प्राणी उतरवायचा आणि कला दाखवायची. गुण आपण द्यायचे. पाचाच्या खाली दिले तर त्याची परीक्षकाची जागा वर्षभर जाते, त्याने दिलेले गुण पुसतात आणि सावरी राहते. पाच किंवा वर दिले तर त्याचं सारं कायम, आणि सावरी जाते. आपले गुण अखेरचे. वर कोणी विचारणारा नाही.

मी काल आव्हान टाकलं आणि त्याने मान्य केलं. गुण तुम्ही द्या. ओळी तुमच्या होत्या, अपमान तुमचा झाला. मी फक्त टाइप करणार.

एकच विनंती. तो काळवीट म्हणजे तुमचे गुरुजी नाहीत. कोण आहे, कुठला आहे, बाप्या आहे का बाई, काहीच माहीत नाही. बी.पी.ची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
प्रतिक्षा


कोंढा
दि. १८ ऑगस्ट २०१४

चि. प्रतिक्षा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाब्बास. त्रेपन्न वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद तू माझ्या हातात दिलास.

त्याची कला अजून यायची आहे, पण मी गुण ठरवून टाकले आहेत. दोन. शून्य दिलं तर लोक म्हणतील म्हातारा रागात आहे. दोन दिले म्हणजे विचार करून दिल्यासारखे दिसतात. त्यानेही तसंच केलं. शेराही लिहून ठेवला आहे, चार वेळा खोडून पाचव्यांदा जमला: “दरबारात कला दाखवायची असते. आपण ती घरी विसरून आलात. गुण दोन.” यात शिवी नाही, चूक नाही, कोणी बोट ठेवू शकत नाही. गुरुजींचा शेरा असाच असायचा, वरून गुळगुळीत.

हा शेरा मी तुझ्या आजीला म्हणून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्यानं काय दाखवलं ते तर पाहू द्या. मी म्हटलं, माझं कोणी पाहिलं होतं? तिने खडे जरा जोरात टाकले.

सध्या मी फार आनंदात आहे. सकाळी फिरायला जातो तेव्हा शेरा चालीवर म्हणतो. बोडीतले बगळे उडतात. मी म्हणतो, उडा, तुमच्याच पंखांसाठी चाललं आहे.

कला आली की जशीच्या तशी लिहून पाठव. वाचायची गरज नाही, पण रीत पाळू.

तुझा,
आबाजी


साकोली
दि. २८ ऑगस्ट २०१४

ती. आबाजी यांस,
सा. जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते, उद्या परीक्षा आहे. काळवीटने काल कला दाखवली. त्याचा प्राणी एक म्हातारं कासव आहे, डोंगराएवढं. त्याच्या पाठीवर जंगल वाढलेलं आहे. साठ-सत्तर लोक बघायला जमले होते, कारण उलटा दरबार सहसा भरत नाही. कासव मधोमध आलं आणि उभं राहिलं. बराच वेळ काहीच नाही. मग एवढंच लिहून आलं:

पाठीवर रान, रानात पाखरं,
पाऊल उचललं तर घरटी हलतात;
म्हणून थांबतो. पिल्लं निजली की
एक पाऊल. तेवढाच माझा नाच.

आणि कासवाने एक पाऊल टाकलं. संपलं.

गुण बारा सप्टेंबरच्या आत टाकायचे आहेत. तुमचा शेरा माझ्या वहीत आहेच. तुम्ही फक्त दोन असं पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी टाकते. आबाजी, पाचाच्या खाली, एवढं लक्षात असू द्या.

तुमची,
प्रतिक्षा


कोंढा
दि. १ सप्टेंबर २०१४

चि. प्रतिक्षा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पोस्टकार्ड घेतलं होतं. त्यावर दोन लिहायला बसलो, आणि कार्ड अजून कोरंच आहे.

मी आधी चुका शोधल्या. यमक नाही. चाल लागत नाही. शाळेत आम्हाला अशी कविता कोणी शिकवली नसती, आणि मी स्वतः लिहिली असती तर फाडली असती. मग मोठ्याने वाचली. पोरी, ‘म्हणून थांबतो’ म्हटलं आणि मीच थांबलो. तुझी आजी स्वयंपाकघरातून विचारते की, पुढं काय झालं, पिल्लं निजली का. ज्या बाईने माझी एक कविता पुरी ऐकली नाही, ती हातात पोळपाट घेऊन दारात उभी.

तीन दिवस मी या माणसाचा द्वेष करायचा प्रयत्न केला. द्वेष आहे. धोतर, टोपी, तपकीर, सारं जागच्या जागी आहे. पण त्या कासवाला दोन देताना हात चालत नाही. तेहतीस वर्षं मी खाणीत हजेरी मांडली. ज्याच्याशी माझं बोलणं नव्हतं तो पाळीला आला असेल तर त्याचा खाडा कधी मांडला नाही.

आठ दे. दोन गुण यमकाचे कापले.

सावरी जाईल, हे मला कळतं. तुझी दोन वर्षं जातील. त्याची माफी कशी मागावी ते मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. शेरा खोडून टाक.

तुझा,
आबाजी


साकोली
दि. ९ सप्टेंबर २०१४

ती. आबाजी यांस,
सा. जयभीम. वि. वि.

मी आठ टाकले नाहीत.

तुमचं पत्र समोर ठेवून बसले होते. आठ टाइपही केले. मग सावरीकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं, ती आपली पंख झटकत होती. मग मला ते सभागृह दिसलं, आणि हाफ पँटीतले तुम्ही दिसलात. मी आठ पुसले, दोन टाकले आणि वहीतला तुमचा शेरा जसाच्या तसा खाली उतरवला. तुमच्या नावाने: बाबुलाल, कोंढा. तिथे खरं नाव लावणारे तुम्ही पहिलेच.

सगळे हसले. खेळात हसण्याचं चित्र पाठवता येतं, एकोणपन्नास लोकांनी पाठवलं. काळवीटने फक्त ‘मान्य’ लिहिलं आणि त्याचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं. सावरी राहिली.

लपवलं असतं तर तुम्हाला कधी कळलं नसतं. पण तुमच्या हातचा शेरा तुमच्या पाठीमागे वापरला आणि वरून खोटंही बोलले, असं दोन्ही मला जमेना. तुम्ही थोर व्हा, आबाजी. तुमचा सूड घ्यायला घरात कोणीतरी पाहिजे ना. मला पश्चात्ताप नाही. रागावला असाल तर रागावून पत्र लिहा, पण लिहा.

तुमचीच,
प्रतिक्षा


कोंढा
दि. १५ सप्टेंबर २०१४

चि. प्रतिक्षा हिस,
आबाजीचे आशीर्वाद, नेहमीइतकेच. वि. वि.

रागावलो. काठी आपटली. तुझ्या आजीला म्हटलं की, पोरीनं माझ्या नावावर खोटी हजेरी मांडली. आजी म्हणाली, दोन तरी कायले दिले.

मग तसाच बोडीकडे गेलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे. एकोणपन्नास लोक हसले, आणि या वेळी ते माझ्या बाजूने हसले. खोटं कशाला सांगू, गोड लागलं. त्या रात्री मला अशी झोप लागली की आजीने दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. दुसऱ्या दिवशीही गोड होतं. तिसऱ्या दिवशी मी माझ्या चार ओळी म्हणायला गेलो आणि तोंडात कासवाच्या आल्या. तेव्हापासून त्याच येतात. त्या माणसाची खुर्ची तू काढलीस, पण ओळी काढता आल्या नाहीत. आता तो माझ्या घरातच राहायला आला आहे.

सावरी परत करू नकोस. तेवढा मोठा मी नाही, आणि तूही होऊ नकोस. त्याची खुर्ची वर्षभर रिकामी राहू दे. त्याला तेवढं बसलं पाहिजे.

सोबत एक वेगळं पान आहे. त्यावर लिहिलं आहे की, कासवाला गुण आठ होते, दोन यमकाचे कापले होते, आणि शेरा कला पाहण्याआधीचा होता. खाली माझी सही आहे. हे त्याला पोचवायचं असेल तर टाइप तुलाच करावं लागेल. करशील की नाही, हे मी विचारणार नाही. मला तो पडदा दिसत नाही, आणि मागच्या वेळेसारखं तू स्वतःहून सांगायचं नाही. हे पान पाठवताना किंवा फाडताना तू एकटी असावीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

धान निसवायला आलं आहे, लोंब्या दिसू लागल्या आहेत. दिवाळीला ये. लोभ किती ठेवायचा ते तुझ्यावर सोडतो.

तुझा,
आबाजी