जस्ताच्या वडीवरचा रंग

मेस्त्री, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमचा बोर्ड काल उतरला. मी उतरवायला लावला. आधी ऐकून घ्या, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. तिकडं तुम्हाला वेळच वेळ आहे.

'खाऱ्या पाण्याला करडीच.' तुमच्याच हातची लाल अक्षरं. कोल्हापूरला समुद्र नाही, तरी होडीच्या मोटरी टेंपोत घालून कोकणातली माणसं घाट चढून तुमच्या उद्यमनगरच्या शेडात यायची. कुठल्या कंपनीची घ्यावी, हेही तुम्हालाच विचारायची. तुम्ही मान वर न करता सांगायचात, "काळी घिऊ नगा पावणं, दोन सीझनात सडती. करडी घ्या, डोळं झाकून." काळी आणि करडी, एवढ्याच दोन जाती तुमच्या लेखी. कंपन्यांची नावंसुद्धा तुम्ही घेत नव्हता. आणि लोक ऐकायचे, कारण तुमच्याकडून गेलेली मोटर दिसायचीच तशी, शोरूममधून आत्ता काढल्यासारखी. शिरोळच्या पुरात चालणाऱ्या बोटींपासून तुमची ती खोड. मोटर उघडायची, जोडायची आणि वरपासून पंख्यापर्यंत रंग मारून द्यायची. रंगाशिवाय मोटर शेडाबाहेर गेली तर तुमचा जीव खालीवर व्हायचा.

मी तेव्हा तिशीचा होतो, लेकुरवाळा, तुमच्याकडं नऊ वर्षं काढलेली. त्या दसऱ्याला तुम्ही तुमचा स्वतःचा टॉर्क पाना माझ्या हातात दिलात. दिवाळीनंतर मालवणचा एक होडीवाला काळी मोटर घेऊन येतो. ऐन गर्दीत, पर्यटक होडीत बसलेले असताना ती बंद पडली होती. खालचा गिअरचा डबा मिठानं खाऊन चाळण झालेला. तुम्ही डबा बघता, मग माझ्याकडं बघता. "ह्यो! ह्येनं सर्व्हिसिंगला आतनं गोडं पाणी फिरवलं न्हाई. आळशी बेनं! मोटर खाल्ली की ह्येनं!" मी म्हणतो, "मेस्त्री, फिरवलंया. देवाशपथ." तुम्ही म्हणता, "पाना ठिव हितं आन् चालायला लाग." दिलेली वस्तू माणूस सगळ्यांसमोर परत मागतो, हे मी त्या दिवशी बघितलं. पुढं किनाऱ्यावर माझं नावच पडलं, मोटरी खाल्लेला. चार ठिकाणी काम मागायला गेलो, चारही ठिकाणी हसले.

शेवटी देवगडात एका म्हाताऱ्यानं मला कामाला ठेवलं. त्यानं तुमच्या शेडातून आलेली मोटर उलटी केली आणि खालची जस्ताची वडी नखानं खरवडली. "ह्या जस्ताक रंग कोणी मारल्यान?" म्हणाला, आणि पोट धरून हसला. मग त्यानंच समजावलं. समुद्राचं पाणी आधी जस्त खातं, ते पुरतंय तोवर मोटरीला फारसा हात लावत नाही. जस्तावर रंग मारला की ते झाकलं जातं आणि मोटरच खाल्ली जाते. नदीत हे एवढ्या लवकर दिसत नाही, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. आणि करडी का टिकायची, माहीत आहे? तिचा तो हिरवट करडा रंग अख्ख्या कोल्हापुरात मिळत नव्हता, म्हणून ती तेवढी तुम्ही नाइलाजानं बिनरंगाची सोडायचात. झालं, एवढंच तुमचं शास्त्र!

मला राग आला, आणि तो मी सोडला नाही. कागलच्या रस्त्याला माझी शेड झाली, तरी सोडला नाही. गेल्या सीझनला दोन काळ्या मोटरी घेतल्या, एकाच खाडीत, एकाच माणसाच्या दोन होड्यांना लावल्या. एकीचं जस्त रंगवलं, दुसरीचं उघडं ठेवलं. काल दोन्हींचे डबे तुमच्या शेडात नेऊन तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवले. उघड्या जस्ताच्या डब्याला नुसते डाग, रंगवलेल्याच्या डब्यात बोट जात होतं. तुमचा मुलगा बघतच राहिला. मी गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सगळं सांगितलं, तुमचं नाव घेऊन सांगितलं. मुलानं विचारलं, "काका, मग करू काय म्हन्तासा?" "बोर्ड उतरव." त्यानं स्टूल घेतलं आणि उतरवला. मला फार बरं वाटलं मेस्त्री, खोटं कशाला बोलू.

तो स्टुलावरून उतरला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "आमच्या बाबांनी तुमच्यावर लई अन्याय केला." मी त्याला पडू दिलं.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या मुलाला तर मुळीच दाखवणार नाही. मालवणची ती काळी मोटर पहिल्यांदा सर्व्हिसिंगला आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचं पुस्तक आलं होतं. त्यात त्या वडीचं चित्र होतं, शेजारी ब्रश आणि ब्रशवर फुली. कारण कळलं नव्हतं, पण फुली म्हणजे नको, हे कळायला काय लागतं? तुम्ही खेकसाल म्हणून मी पुस्तक मिटलं, आणि त्या जस्तावर रंगाचा हात मीच फिरवला, एक सोडून दोन.