चार बरण्यांतली बिअर व इतर मिळकत

मी, बिभीषण आसाराम म्हेत्रे, वय ६८, पूर्वी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट, हल्ली निवृत्त, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, हे माझे मृत्युपत्र माझ्या घरात बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही, आणि मी कोणतीही नशा केलेली नाही. हे शेवटचे मुद्दाम लिहितो, कारण खाली बिअरचा मजकूर बराच आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात नगरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परत आलो तर हा कागद कपाटात राहील.

१) गावठाणातील माझे राहते घर, तीन खोल्या, पुढचा ओटा व मागचे अंगण, हे मी नोकरीच्या कमाईतून बांधले आहे. ते माझी एकुलती मुलगी सौ. ज्योती, राहणार शिर्डी, हिला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. तिचे पेढ्यांचे दुकान तिकडे आहे. इथे येऊन कोण राहणार?

२) मागच्या अंगणातील पत्र्याची खोली मात्र श्रीमती छबूबाई यांनी हयातभर वापरावी व घर घेणाऱ्यानेही ती अट पाळावी. छबूबाईंनी वीस हंगाम ऊस तोडला. गुडघे गेल्यावर त्या माझ्याकडे स्वयंपाकाला आल्या. माझी पत्नी कै. सत्यशीला हिच्या आजारपणात तिचे तोंड धुण्यापासून सगळे त्यांनी केले. चार वर्षे या घरात माझ्याखेरीज आवाज आहे तो त्यांच्याच भांड्यांचा. स्वयंपाकघरातील सर्व भांडी त्यांची. मोठे पातेले तळाशी काळे झाले आहे, त्याचा दोष माझा.

३) बँकेतील ठेवी ज्योतीच्या. कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. खालच्या कप्प्यात सत्यशीलाच्या साड्या आहेत, त्याही ज्योतीने न्याव्यात. त्यांना अजून तिचा वास आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. ज्योतीने पाहावे.

४) हे कलम लांबणार आहे. वकिलांनी थोडक्यात लिहा म्हटले होते.

माझे पोट माझ्या नाकावर चालले. डिस्टिलरीत मळी आंबवण्याच्या मोठ्या टाक्या असतात. टाकी बिघडायला लागली की यंत्रावर आकडा हलायच्या आधी मला वासावरून कळायचे. तीस वर्षे दारूच्या वासात काढली, पण एक थेंब प्यालो नाही. एप्रिल २०२१ मध्ये आम्हा दोघांनाही कोरोना झाला. सत्यशीला गेली. मी उरलो, आणि माझे नाक गेले. फोडणी, उदबत्ती, रॉकेल, सगळे सारखेच.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितले, रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगत जा, वास हळूहळू परत येतो. वर्षभर हुंगले. कधी कधी लवंगेचा वास आल्यासारखे वाटायचे. पण तो नाकातून आला की आठवणीतून, हे कसे ठरवायचे? मी केमिस्ट आहे, मला पुरावा लागतो. मग ठरवले, आयुष्यात कधीच न घेतलेला वास शोधायचा. तो आला तर नाकातूनच आला असेल.

बिअरला कडवटपणा आणि वास हॉप्स नावाच्या परदेशी वेलीच्या वाळलेल्या फुलांनी येतो. तिच्या जाती अनेक, दर जातीचा वास निराळा. मी ती फुले कधी पाहिलीही नव्हती. टपालाने चार जाती मागवल्या: कॅस्केड, सिट्रा, साझ आणि फगल. बिअरसाठी तयार अर्क विकत मिळतो, पण अर्कात कोणी काय शिजवले ते आपल्याला माहीत नसते. म्हणून थेट धान्यापासून केली. पुण्याहून मोड आणून वाळवलेले जव आणले, छबूबाईंनी ते जात्यावर भरड दळून दिले, आणि ऊब टिकावी म्हणून आईसबॉक्समध्ये सहासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवले. आयोडिनचा थेंब निळा पडला नाही, तेव्हा पिठाची साखर झाली हे कळले. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता, आणि तो सांगायला घरात कोणी नव्हते. छबूबाई गव्हाचे दळण आणायला गिरणीत गेल्या होत्या. गाळलेल्या रसाचे चार सारखे भाग केले. प्रत्येकात एकच जात, सारखीच तोलून, सारखाच वेळ उकळली. चार बरण्या, एकच यीस्ट. फरक राहिला तर फक्त फुलाचा.

परवाना माझ्याकडे नव्हता. त्याचा दोष माझा एकट्याचा; छबूबाईंना आपण कशासाठी दळतो आहोत हे माहीत नव्हते.

बाटल्या भरून तीन आठवडे ठेवल्या. मग ओट्यावर चार पेले मांडले. पहिला कडू. दुसरा कडू. तिसरा, चौथा, तेच. डोळे मिटून पुन्हा हुंगले. चार पेल्यांत चार वेळा काहीच नव्हते.

छबूबाईंनी एक पेला नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. “भाऊ, ह्यो तर मोसंबीच्या सालीवानी हाय.”

“आणि हा?”

“ह्याला न्हाई तसा. ह्यो येगळाच हाय.” मग माझ्याकडे बघून त्यांनी पेला खाली ठेवला. “तुमाला कसलाबी वास येत न्हाई व्हय?”

मी नाही म्हणालो. त्या उठून चहा ठेवायला गेल्या. त्या दिवशी मी उरलेले काही प्यालो नाही. बाटल्या पलंगाखाली सरकवून दिल्या.

५) ज्योतीसाठी. तुला हे शेजाऱ्यांकडून कळले आणि तू फोनवर म्हणालीस, “बाबा, आई असताना चातुर्मासात घरात कांदासुद्धा चिरत नव्हतात, आणि आता दारू गाळता?” मी म्हणालो, प्रयोग आहे. तू म्हणालीस, “मुलांना काय सांगू?” आणि फोन ठेवलास. जानेवारीपासून आली नाहीस. माझे नाक गेल्याचे मी तुला कधी सांगितले नव्हते, तुझी आई त्याच आठवड्यात गेली होती, तेव्हा नाकाचे काय सांगायचे? नंतर सांगायची वेळ निघून गेली. यात तुझी चूक नाही. प्रयोगाची वही कपाटात आहे. मुलांना तीच वाचून दाखव.

६) गावात सराईत नाक आणखी एकच आहे: कानिफनाथ रामहरी बाबर. डिस्टिलरीत माझा जोडीदार, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. २०१० साली एक टाकी आंबट झाली. ती बिघडते आहे हे मी त्याला आधीच तोंडी सांगितले होते. पाळीवर तो होता, त्याने ठीक असल्याची सही केली. माल वाया गेल्यावर चौकशीत तो म्हणाला, बिभीषणने मला काही सांगितले नाही. माझी बढती थांबली, त्याची झाली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. सत्यशीलाच्या दहाव्यालाही तो आला नाही, की मी त्याला निरोप धाडला नाही, आता आठवत नाही.

फेब्रुवारीत मी प्रत्येक जातीची एकेक बाटली पिशवीत घातली आणि छबूबाईंना त्याच्याकडे पाठवले. “काय सांगू त्यास्नी?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, काही सांगू नका, बाटल्यांवर नंबर घातलेत.

पाचव्या दिवशी पिशवी ओट्यावर होती. चारही बाटल्या धुऊन, पालथ्या घालून वाळवलेल्या. सोबत वहीचा कागद होता, तो इथे उतरवतो:

“एक: मोसंबीची साल, आतल्या पांढऱ्यासकट. दोन: पाडाचा आंबा, मागून किंचित कांदा. तीन: गवती चहा. चार: भिजलेले लाकूड, नंतर कोरे मडके. यीस्टला ऊब जास्त झाली. पुढच्या वेळी बरणीला ओले पोते गुंडाळ.”

मी आठ दिवस तो कागद खिशात ठेवून फिरलो. मग गेलो. दार त्यानेच उघडले.

“चौथी चांगली झालीय,” तो म्हणाला.

“मला चारही सारख्या लागल्या. मला वास येत नाही, कानिफ.”

त्याने मला आत घेतले. “कधीपासून?”

“चार वर्षं होतील.”

“आणि मला आत्ता सांगतोस?”

त्याने खुर्ची पुढे केली, पण स्वतः उभाच राहिला. “तू सांगितलं होतंस त्या टाकीचं,” तो म्हणाला. “वास मलाही आला होता. मी सही केली.”

“हे मला पंधरा वर्षांपूर्वी हवं होतं.”

“माहीत आहे.”

मी त्याला माफ केले का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. चहा घेतला आणि घरी आलो.

७) हायड्रोमीटर, दोन थर्मामीटर व तोलकाटा हे कर्जतच्या एखाद्या कॉलेजच्या रसायनशाळेला द्यावेत. पलंगाखालच्या उरलेल्या बाटल्या ओतून टाकाव्यात. माझ्या दहाव्याला कोणी भाषण करू नये.

८) प्रयोगाची वही ज्योतीची झाल्यावर कानिफनाथला काय द्यावे, हा विचार केला. बरण्या द्याव्यात असे ठरवून तसे लिहिलेही होते, आणि साक्षीदारांतही त्याचे नाव घातले होते. काल वकील रेश्माताई मसुदा वाचून म्हणाल्या, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद होतात. तेव्हा एक काहीतरी निवडा. मी बरण्यांची ओळ खोडली आहे. त्या कोणीही न्याव्यात. कानिफनाथ रामहरी बाबर याला माझ्या मिळकतीतून काहीही दिलेले नाही. या कागदावर मी जे लिहिले ते खरे आहे, एवढी सही त्याने माझ्यासमोर करावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. आठव्या कलमातील खाडाखोड माझी आहे.

ठिकाण: मिरजगाव
दिनांक: ११ मार्च २०२५

मृत्युपत्र करणार: बिभीषण आसाराम म्हेत्रे (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:

साक्षीदार १: पार्थ दत्तू कोरडे, टपाल कर्मचारी, मिरजगाव (सही)

साक्षीदार २: कानिफनाथ रामहरी बाबर, निवृत्त, मिरजगाव (सही)
सहा क्रमांकाचे कलम वाचले. ते खरे आहे.